फॉग लाइटमध्ये झेनॉन: प्रकल्प नोंदी, मे ते जुलै २०२४

काम: फॉग लाइटमध्ये, म्हणजे धुक्यासाठी बंपरमध्ये खाली असलेल्या दिव्यांत, हॅलोजनऐवजी झेनॉन बल्ब (तापलेल्या तारेऐवजी वायूतल्या आर्कने, म्हणजे अखंड ठिणगीने, उजेड देणारा) बसवणं. गाडी: पेट्रोल हॅचबॅक, १२ व्होल्ट. फॉग कंपनीचेच: गोल, पुढे काच, आत रिफ्लेक्टर, एच११ प्रकारच्या बुडाचा ५५ वॅट हॅलोजन बल्ब. वापर: पावसाळ्यात ताम्हिणी आणि आंबा घाट, बहुतेक वेळा अंधारात.

११ मे २०२४

बल्बला हात लावण्याआधी आहे ते मोजून घेतलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, फॉगच्या प्लगवर बल्ब पेटलेला असताना १२.९. म्हणजे १.२ व्होल्ट वाटेतच गेले: बारीक तार, स्विच, जुना अर्थ (बॉडीला जोडलेली परतीची तार). हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्याशा घटीत पाव हिस्सा प्रकाश कमी होतो. ज्यांना फक्त ‘फॉग मंद वाटतात’ एवढीच तक्रार आहे त्यांनी आधी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड तार टाकून बघावी. बऱ्याच गाड्यांचं काम तिथेच संपतं आणि तेही कमी खर्चात.

मग भिंत. सपाट जागा, भिंतीपासून दिव्यापर्यंत १० मीटर. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. दिव्याचा मध्य जमिनीपासून ४० सेंमी. भिंतीवरची आडवी रेघ गवंड्याच्या लेव्हल पाइपाने मारली, कारण पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराचीच असते आणि डोळ्यांना तो उतार कळत नाही.

१० मीटरवर १ टक्का म्हणजे १० सेंमी. फॉगचा कट-ऑफ, म्हणजे उजेडाची वरची कड, दीड ते दोन टक्के खाली हवी. म्हणजे भिंतीवर जमिनीपासून २० ते २५ सेंमीवर. दोन टक्क्यांना उजेड २० मीटरवर रस्त्याला टेकतो. हॅलोजनचा कट-ऑफ २२ सेंमीवर, कड बऱ्यापैकी सरळ. लक्स मीटर (पडलेला उजेड मोजणारं यंत्र): सगळ्यात उजळ जागी ३४, कडेच्या ६० सेंमी वर १.४. पुढच्या सगळ्या कामात लक्ष ठेवायचं ते या दुसऱ्या आकड्यावर. धुक्यात वर गेलेला उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. फॉग लाइट चांगला की वाईट हे तो किती उजेड टाकतो यावर कमी, आणि वर किती टाकत नाही यावर जास्त ठरतं.

१२ मे

बाजारात मिळणारं नेहमीचं किट, एच११ बुडाचा ३५ वॅट, ४३०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) झेनॉन, तुलनेपुरतं मूळ रिफ्लेक्टरमध्ये बसवलं. उजळ जागी ७९ लक्स. कडेच्या ६० सेंमी वर ७.८. म्हणजे कामाचा उजेड सव्वादोन पट झाला आणि त्रास देणारा साडेपाच पट. कड पुसली गेली. उजव्या दिव्यात तर तिरका पट्टा वर चढलेला.

असं का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण नाहीतर माणूस बल्बचे ब्रँड बदलत बसतो. एच११ हॅलोजनमध्ये साडेचार मिमीची तारेची सरळ गुंडाळी असते आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या गुंडाळीच्या जागेवरून आखलेला असतो. झेनॉनमध्ये तशी पेटणारी तार नसते. दोन टोकांमध्ये साधारण ४.२ मिमीचा आर्क असतो. तो गरम वायूमुळे मध्यभागी वर वाकतो, टोकांशी जास्त झगझगीत असतो, आणि भोवतालची काचही चमकते. शिवाय बाजूने परत येणारी तार आपली सावली टाकते. त्यात बूड बदललेल्या बल्बात आर्क नेमक्या जागी असेलच असं नाही. फॉगच्या रिफ्लेक्टरचं नाभीय अंतर (रिफ्लेक्टरपासून त्याच्या नाभीपर्यंतचं) लहान, २० मिमीच्या आसपास. तिथे आर्क १ मिमी हलला की किरण सुमारे ३ अंशांनी फिरतो, म्हणजे १० मीटरवर अर्धा मीटर. स्क्रूने दिवा खाली झुकवला तर पुसलेली कड फक्त खाली येते, पुसलेलीच राहते.

गाडीत कंपनीकडून आलेल्या झेनॉनचे दोन प्रकार याच कारणासाठी आहेत: डी२एस प्रोजेक्टरसाठी (पुढे भिंग असलेला दिवा), डी२आर रिफ्लेक्टरसाठी. डी२आरच्या काचेवर काळे पट्टे रंगवलेले असतात, नको तिकडचा उजेड अडवायला. त्या पट्ट्यांपायी ३२०० ल्युमेनचे (बल्बच्या एकूण उजेडाचं माप) २८०० होतात. ज्यांनी रिफ्लेक्टर झेनॉनसाठीच आखला त्यांनाही एवढं करावं लागलं.

किट काढून ठेवलं. रिफ्लेक्टर बाद, प्रोजेक्टर घ्यायचा.

१८ मे

सामान ठरवलं आणि आणलं.

फॉग प्रोजेक्टर ३ इंची, दोन. धातूचं घर, काचेचं भिंग, आत कायमची बसवलेली पत्र्याची आडवी शील्ड. बाय-झेनॉन, म्हणजे सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) शील्ड खाली पडून हाय बीम देणारा, मुद्दाम टाळला. फॉगला हाय बीमचा उपयोग शून्य, आणि चिखलापाण्यात अडकणारा एक हलता भाग मात्र वाढतो.

बल्ब डी२एस, ३५ वॅट, ४३०० केल्विन, दोन. बॅलास्ट (झेनॉनला लागणारी वीज पुरवणारा डबा) ३५ वॅट, इग्नायटर (पेटताना झटका देणारा भाग) वेगळा, दोन. ५५ वॅटचे बॅलास्ट दुकानदार आग्रहाने पुढे करतो, घेऊ नयेत. त्याने बल्बचं आयुष्य घटतं, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो, आणि धुक्यात जास्त उजेड म्हणजे जास्त पांढरा पडदा.

४ पिनी ४० अँपिअर रिले सॉकेटसह. फ्यूज होल्डर तीन: बॅटरीजवळ २० अँपिअर, प्रत्येक बाजूला १५. तार २.५ चौ. मिमी रिलेपर्यंत, पुढे १.५. तारेवर जाळीची स्लीव्ह, आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), ६ मिमी भोकाचे रिंग लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या), वॉटरप्रूफ २ पिनी कनेक्टर चार जोड्या.

फ्यूजचा हिशोब: पेटल्यावर स्थिर झालेला ३५ वॅटचा बॅलास्ट सव्वातीन अँपिअरच्या आत घेतो, दोन्ही मिळून साडेसहा. पण पेटताना पहिले काही सेकंद प्रत्येकी ८ ते १०. फक्त स्थिर करंट बघून ७.५ चा फ्यूज टाकणारे याच ठिकाणी फसतात. तो कधी उडतो, कधी टिकतो, आणि दोष सापडत नाही.

रंगाबद्दल. पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत पक्की रुजलेली आहे. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे पिवळा काय नि पांढरा काय, सारखाच विखुरतो. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्यांना झगमग कमी वाटते, एवढा फायदा खरा. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटही पिवळेच लागत. पण ३००० केल्विनच्या झेनॉनमध्ये उजेड कमी होतो. उलट्या बाजूला ६००० आणि ८००० चे निळसर बल्ब: उजेडही कमी, ओल्या डांबरावर दिसणंही कमी. ते दिसायला म्हणून घेतात, बघायला म्हणून नाही.

१९ मे

बंपर उतरवला. चाकाच्या आतल्या लायनिंगचे स्क्रू, वरच्या बाजूच्या क्लिप, खालचे १० च्या पान्याचे बोल्ट, मग कडेचे लॉक एकेक करून बाहेरच्या दिशेने ओढून. फॉगचे प्लग आधी काढावेत. बंपर हातात आल्यावर ते आठवले तर तार ताणली जाते.

जागेची अडचण अपेक्षेप्रमाणे डाव्या बाजूला. मूळ दिव्याची खोली ७५ मिमी. प्रोजेक्टर, बल्ब आणि मागचा इग्नायटर मिळून १५० च्या जवळ. डाव्या फॉगच्या मागेच काच धुण्याच्या पाण्याची टाकी आहे. पुठ्ठ्याचा साचा करून बघितलं: इग्नायटर आणि टाकीमध्ये ८ मिमी उरतात. चालेल, पण टाकीच्या बोल्टखालचं रबर सैल झालं होतं, ते बदललं, नाहीतर टाकी हादऱ्याने इग्नायटरवर आपटणार. उजवीकडे जागा भरपूर. दोन्हीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीचा पुढचा भाग दाबून टायर लायनिंगला किती ढकलतो तेही पाहून घ्यावं. साचा बसला म्हणजे दिवा बसला असं नव्हे.

ब्रॅकेट ३ मिमी ॲल्युमिनियम पट्टीचं, मूळ दिव्याच्या तीन भोकांत बसणारं. मूळ दिवे आणि प्लग जसेच्या तसे ठेवले. बंपर कापला नाही.

२५ मे

वायरिंग. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढला.

बॅटरी पॉझिटिव्हपासून १५ सेंमीच्या आत २० चा फ्यूज. तिथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला. ८७ मधून दोन फाटे, प्रत्येकाला १५ चा फ्यूज, मग बॅलास्ट. ८५ अर्थला. ८६ ला मूळ उजव्या फॉग प्लगचा पॉझिटिव्ह, म्हणजे डॅशबोर्डवरचं बटण, पार्किंग लाइटशी असलेली जोडणी, मीटरमधली खूण, सगळं पूर्वीसारखंच चालतं. डाव्या प्लगला टोपी घालून हीट श्रिंकने बंद केलं.

इथे एक तपासणी आधी करायची: बटण दाबून मूळ प्लगवर व्होल्टेज बघायचं. बॅटरीएवढं स्थिर आलं तर ठीक. कमी किंवा उड्या मारणारं आलं तर ती गाडी बल्बला तुकड्यातुकड्यांनी करंट देते. तसल्या गाडीत रिले तडतडतो आणि झेनॉन फडफडतो. काही गाड्या बल्बचा भार न दिसल्याने ‘बल्ब उडाला’ असंही दाखवतात, कारण रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते. या गाडीत दोन्ही भानगडी नाहीत.

अर्थ बंपरच्या आतल्या लोखंडी बारजवळ बॉडीला. रंग खरवडून लख्ख धातू, रिंग लग, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून ग्रीस. दोन्ही बॅलास्टना वेगवेगळे अर्थ बिंदू.

बॅलास्ट बंपरच्या प्लास्टिकवर चिकटवायचे नाहीत. किटसोबत येणारी दुहेरी टेप पहिल्या पावसात सुटते. लोखंडी बारच्या मागे, दिव्यापेक्षा वर, कनेक्टरचं तोंड खाली. तारेला आत शिरण्याआधी खाली एक झोका दिला, म्हणजे पाणी झोक्यावरून टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही. इग्नायटर ते बल्बची तार वाढवायची नाही. पेटताना तिथे २० हजार व्होल्टच्या वरचा झटका असतो आणि नंतर ८५ व्होल्ट चालू राहतात. बटण बंद असेल तरच बल्बला हात. डी२एसमध्ये पारा असतो. फुटला तर हवेशीर जागेत, हातमोजे घालून उचलायचा, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. बल्बच्या काचेला बोट लागलंच तर स्पिरिटने पुसायची.

१ जून

बंपर बसवण्याआधी चाचणी. इंजिन चालू करून मग दिवे. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं, बॅलास्ट बंद पडून पुन्हा पेटतो, आणि प्रत्येक पेटण्यात बल्बची टोकं झिजतात.

डावा पेटला, उजवा अर्ध्या सेकंदात विझला. दुसऱ्यांदा दोन्ही पेटले. गार झाल्यावर पुन्हा तेच.

अशा वेळी अदलाबदलीचा क्रम ठरलेला असावा. आधी दोन्ही बाजूंचे बल्ब बदलले: दोष उजवीकडेच. मग बॅलास्ट: दोष तरीही उजवीकडेच. म्हणजे बल्ब-बॅलास्ट सुटले, राहिली तार. मल्टिमीटर किमान आकडा धरून ठेवण्यावर लावून उजव्या बॅलास्टच्या प्लगवर बघितलं: पेटताना ९.२ व्होल्ट. स्थिर असताना १३.४, म्हणून आधी काही दिसत नव्हतं. डावीकडे पेटताना १३.१. ८७ मधून फुटणाऱ्या उजव्या फाट्याच्या फ्यूज होल्डरमध्ये पातं सैल बसत होतं; बाहेर काढलं तर पात्याच्या एका कडेला तपकिरी डाग आणि होल्डरचं प्लास्टिक तिथे किंचित चकाकलेलं, वितळायला लागल्यासारखं. क्रिम्पही (तारेवर दाबून केलेला जोड) इन्सुलेशनवरच दाबलेला, तांब्याचे निम्मे तंतू बाहेर. होल्डर बदलला, नवा लग क्रिम्प करून ओढून पाहिला. आता पेटताना १३.०.

तयार हार्नेस (जोडून मिळणारा तारांचा संच) घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हार्नेसची तार बाहेरून जाड दिसते, आत तांबं कमी आणि प्लास्टिक जास्त असतं. प्रत्येक जोड हाताने ओढून बघितल्याशिवाय बंपर लावू नये.

२ जून

बसवणी आणि लेव्हल. प्रोजेक्टरमध्ये कड सुरीसारखी स्पष्ट येते, त्यामुळे दिवा स्वतःभोवती जरासा फिरला तरी भिंतीवर तिरकं दिसतं. आधी फिरणं नीट करायचं, उंची नंतर. दोन्ही दिव्यांची कड लेव्हल पाइपाच्या रेघेला समांतर आणल्यावर उंचीचा स्क्रू फिरवला. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर जाड कापड.

दोन्ही कडा जमिनीपासून २० सेंमीवर ठेवल्या, म्हणजे दोन टक्के. उजळ जागी ७१ लक्स, कडेच्या ६० सेंमी वर ०.६. उजेड हॅलोजनच्या दुपटीहून थोडा जास्त, वर जाणारा निम्म्याहून कमी. किटच्या ७९ पेक्षा आकडा लहान आहे हे बघून नाराज होण्याचं कारण नाही. शील्ड उजेड अडवते तेव्हाच कड तयार होते. रुंदी मात्र चांगली: १० मीटरवर दोन्ही बाजूंना सात मीटरच्या पुढे भिंत उजळलेली.

डिकीत ५० किलो ठेवून पुन्हा पाहिलं. कड ६ सेंमी वर आली, म्हणजे १.४ टक्के. भरलेल्या गाडीने घाट चढायचा असेल तर सुरुवातीचा दोन टक्क्यांचा हिशोब यासाठीच. हेडलाइटच्या झेनॉनला, २००० ल्युमेनच्या वरच्या, युरोपीय नियमांत आपोआप होणारी लेव्हल लागते तीही याच कारणाने, आणि काचेवरच्या चिखलाने उजेड विखुरू नये म्हणून काच धुणारा वॉशरही लागतो. इथे दोन्ही नाहीत, म्हणून खाली ठेवणं हाच उपाय.

नियमाची बाजू. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा आहेत. बदललेले दिवे तपासणीत किंवा विम्याच्या दाव्यात प्रश्न उभा करू शकतात. ते गृहीत धरूनच काम उलटं करता येईल असं ठेवलं: मूळ दिवे, प्लग, भोकं शाबूत, रिलेचा कनेक्टर काढून मूळ दिवे परत बसवता येतात.

१५ जून

पाऊस सुरू. उजव्या भिंगाच्या आतून बाष्प. झेनॉन ३५ वॅटचा, हॅलोजनपेक्षा कमी तापतो, त्यामुळे आतलं बाष्प आपोआप सुकत नाही. हॅलोजनमध्ये झाकली जाणारी गळती इथे दिसते. दिवा काढून मागचं झाकण लावून बादलीत बुडवला, श्वासनळीतून (दिव्यात हवा जाण्या-येण्यासाठी असलेली बारीक नळी) हलकी हवा फुंकली: झाकणाच्या वॉशरजवळून बुडबुडे. वॉशर पिळलेला होता. तो बदलला, श्वासनळीचं तोंड खाली वळवलं, हेअर ड्रायरने दिवा सुकवून बंद केला. सिलिकॉनने सगळीकडून लिंपून टाकण्याचा मोह होतो. श्वासनळीही लिंपली की गरम-गार होताना दिवा वॉशरमधून पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकू शकत नाही.

२९ जून

ताम्हिणी, रात्री, दाट धुकं आणि रिमझिम. हेडलाइट बंद, पार्किंग आणि फॉग: डावीकडची पांढरी पट्टी, रस्त्याच्या कडेचे दगड आणि रोड स्टड साधारण १५ ते २० मीटरपर्यंत स्वच्छ. पडदा बॉनेटच्या पातळीच्या खालीच राहतो. लो बीम लावला की तोच पडदा डोळ्यांसमोर येतो, म्हणून दाट धुक्यात लो बीम फायद्याचा नाही. धुकं विरळ झालं की लगेच लावायचा.

२० मीटर दिसतात म्हणजे काय ते मोजून ठेवावं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ११, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १२. बेरीज २३, दिसतात २०. ताशी ३० ला बेरीज १५. झेनॉनने रस्त्याची कड दिसते, थांबण्याचं अंतर कमी होत नाही.

धुकं नसताना हे फॉग बंदच. कोरड्या अंधारात पुढचे २० मीटर एवढे उजळले की डोळ्याची बाहुली आकसते आणि हेडलाइटमध्ये दूरचं दिसेनासं होतं. समोरच्याला त्रास होतो तो वेगळाच. आणि फ्लॅशसारखं चालू-बंद करायचं नाही. पूर्ण उजेड यायलाच काही सेकंद लागतात.

१३ जुलै

घाटातल्या खड्ड्यांनंतर तपासणी. डाव्या ब्रॅकेटचा वरचा बोल्ट पाव फेरा सैल, कड १ सेंमी खाली. नायलॉक नट (हादऱ्याने सैल न होणारा) टाकून पुन्हा लेव्हल केली. अर्थ बिंदूवर पेटताना घट ०.०८ व्होल्ट, ठीक. बॅलास्टच्या कनेक्टरमध्ये पाणी नाही. उजव्या भिंगात बाष्प नाही. टाकी आणि इग्नायटरमधले ८ मिमी कायम.

डिकीत ठेवायचं: २० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज, एक जादा रिले, आणि मूळ एच११ दिव्यांची जोडी.